चावी फिरवण्याआधी : पावसाळी वाटेवरची जीप आणि तिची वीज

शिनोली येथे पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या गाडीचालक व आरोग्यसेवकांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून मजकूर थोडा आवरता घेतला आहे.



इथं चालक दादा आहेत, आरोग्याचं काम करणाऱ्या ताई आहेत, वसतिगृह सांभाळणारे काका आहेत. मागच्या बाकावर अशीही दोघं-तिघं पोरं दिसतात, ज्यांना अजून लायसन मिळायचंय, पण गाडीखाली शिरायची हौस आत्तापासून आहे. त्यांनी जरा पुढं येऊन बसावं. आजचं बोलणं त्यांच्यासाठी जास्त आहे.

मी मेकॅनिक नाही. धर्मशास्त्राची पदविका घेऊन समाजसेवेत आलेला माणूस आहे. पण या डोंगरात वर्षानुवर्षं जीपनं हिंडताना आपल्या चालकांकडून आणि वायरिंगचं काम करणाऱ्या कारागिरांकडून जे शिकलो, ते एका ठिकाणी नीट लावून सांगावं असं वाटलं. विषय एकच : चावी फिरवली आणि गाडी चालू झाली नाही, तर काय करायचं, आणि तशी वेळच येऊ नये म्हणून आज काय करायचं.

हा विषय मिशनच्या शिबिरात कशाला, असं कुणाला वाटेल. तर आपण कुठं बसलो आहोत ते बघा. शिनोलीपासून पश्चिमेला निघालं की डिंभे धरण लागतं. तिथून एक वाट जलाशयाच्या कडेनं बोरघर, फुलवडे, अडिवरे, माळीण करत आहुप्याकडे जाते. दुसरी गोहे, पोखरीचा घाट, तळेघर करत भीमाशंकरकडे. मुख्य रस्त्यावर डांबर आहे. पण ठाकरवाडी, कातकरी वस्ती, महादेव कोळ्यांच्या वरच्या वाड्या या डांबराच्या पुढं आहेत. तिथं चिखल आहे, ओढे आहेत, दगड आहेत. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण वाडीपासून रुग्णवाहिका उभी राहील त्या जागेपर्यंत बाळंतीण कोण आणणार? झोळी करून माणसं आणतात, किंवा आपली जीप आणते. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर असतील, औषध असेल, पण त्याच्या अलीकडचा पहिला तुकडा आपल्या जीपच्या बॅटरीवर अवलंबून आहे.

३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ इथल्या कुणाला विसरता येणार नाही. दीडशेहून अधिक माणसं डोंगराखाली गेली. गाव दिसत नाही ही बातमी बाहेर पोचली ती नेहमीच्या रस्त्यानं एसटी घेऊन गेलेल्या चालकामुळे. भर पावसात या डोंगरात चालणारी गाडी आणि डोळे उघडे ठेवणारा चालक यांची किंमत आपल्या तालुक्याला वेगळी सांगावी लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण दया शिकवायला सांगतो. वाटेत जखमी पडलेला माणूस त्यानं पाहिला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं. मी त्यात आणखी एक गोष्ट पाहतो. त्याचं जनावर चालायच्या स्थितीत होतं. त्याला चारा-पाणी झालेलं होतं, खूर ठीक होते. दया मनात आली आणि जनावर जागचं हललं नसतं, तर जखमी तिथंच राहिला असता. आपल्याकडे जनावराच्या जागी जीप आहे. तिचा चारा म्हणजे डिझेल, हे सगळ्यांना कळतं. पण तिच्या शिरा म्हणजे वायरी, तिकडे गाडी बंद पडेपर्यंत कुणी बघत नाही.

वीज जाते, तशी परतही यावी लागते

आधी विजेचा रस्ता समजून घेऊ. हा समजला की निम्मी दुरुस्ती झाली.

डिंभ्याच्या कालव्याचं पाणी शेतात जातं आणि मुरतं. ते परत धरणात यावं लागत नाही. वीज तशी नाही. ती बॅटरीच्या प्लस टोकातून निघते, काम करते आणि मायनस टोकाला परत येते. परतीचा रस्ता तुटला तर जाण्याचाही बंद होतो. गाडीत जाण्याच्या वायरी रंगीबेरंगी, टेप गुंडाळलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या असतात. परतीचा रस्ता मात्र गाडीचा लोखंडी सांगाडाच असतो. इंजिन रबरी पॅडवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनापासून चासीला आणि चासीपासून बॅटरीला एक जाड पट्टी किंवा केबल जोडलेली असते. तिला आपण अर्थ म्हणतो. चिखल, शेण, धरणाकाठचा ओलावा हे सगळं तिच्याच नट-बोल्टवर बसतं. ती गंजते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हेडलाइटच्या एका बल्बला साधारण पाच अँपिअर लागतात. सेल्फला दीडशे-दोनशे लागतात, डिझेल इंजिन थंड असेल तर आणखी जास्त. गंजलेल्या सांध्यातून पाच अँपिअर कसेबसे जातात, दोनशे जात नाहीत. म्हणूनच ‘लाइट लागते, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हे म्हणणं अपुरं आहे. पायवाटेवरून माणूस जातो, बैलगाडी जात नाही, तसं हे आहे.

आधी कान, मग पान्हा

गाडी चालू झाली नाही तर लगेच बॉनेट उघडू नका. हेडलाइट लावा, चावी फिरवा, कान द्या आणि लाइटकडे बघा. चार गोष्टींपैकी एक होईल.

पहिली : काहीच नाही. लाइट नाही, आवाज नाही. बॅटरीचं टर्मिनल सुटलंय, मुख्य फ्यूज उडालाय किंवा बॅटरी पूर्ण उतरलीय.

दुसरी : लाइट लागते, पण चावी फिरवताच मंद होते किंवा विझते आणि ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो. बॅटरी कमजोर आहे, किंवा टर्मिनल अथवा अर्थ गंजलाय.

तिसरी : लाइट तशीच लख्ख राहते. एकदा ‘टक’ होतं, किंवा तेही होत नाही. दोष चावीच्या स्विचमध्ये, त्यापासून सेल्फकडे जाणाऱ्या बारीक वायरीत, रिलेत किंवा खुद्द सेल्फमध्ये आहे.

चौथी : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. बॅटरी आणि सेल्फ निर्दोष आहेत. दोष इंधनात किंवा पेटवण्याच्या भागात शोधायचा.

एवढं समजायला एक मिनिट लागतं, आणि हत्यार काहीच लागत नाही. तरी घाईत माणूस हेच करत नाही. तो पुन्हा-पुन्हा सेल्फ मारत राहतो. बॅटरीत जे उरलंय तेही संपवतो, आणि सेल्फ तापवतो. नियम असा धरा : एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही आणि पुढच्या वेळेआधी अर्धा-एक मिनिट थांबायचं. गाडीत कण्हणारा माणूस असताना थांबणं जड जातं. पण ते एक मिनिट त्याच्यासाठीच असतं.

आता गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट. आपल्याच कामातल्या एका जीपला दुसऱ्या प्रकारचा त्रास होता. एका गॅरेजनं बॅटरी बदलली. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. सेल्फ खोलला, कारबन बदलले. पुन्हा तेच. खर्च दोन्ही वेळा झाला. एक दिवस फुलवड्याच्या वर, तापानं फणफणलेलं लेकरू आणि त्याची आई मागं बसलेली असताना गाडी अडली. चालक आपलाच, ठाकर समाजातला तरुण. त्यानं दोनदा चावी फिरवली आणि त्याला जळकट वास आला. हात लावून बघितला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होती.

आता विचार करा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल का तापावी? तिच्यातून वीज जायचं काही कारण नाही. पण इंजिनाचा अर्थ तुटला होता, आणि परत यायला दुसरा रस्ता नसल्यामुळे सेल्फची सगळी वीज त्या बारीक केबलमधून वाट काढत होती. त्यानं जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फेरीत चालू झाली. लेकरू दवाखान्यात पोचलं. दुसऱ्या दिवशी एक नवी अर्थ-पट्टी आणि दोन बोल्ट एवढ्यावर काम भागलं.

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वास आला तेव्हा तो थांबला आणि कारण शोधलं. आपल्या आदिवासी पोरांची नजर रानात माग काढून तयार झालेली असते. तीच नजर इथं कामाला येते. सुटे भाग अंदाजानं बदलत राहणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्यात पैसा देणगीदारांचा जातो, आणि वेळ रुग्णाचा.

एका बल्बचं हत्यार

माझ्या हातात हा बारा व्होल्टचा छोटा बल्ब आहे. होल्डर, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार खिळा. याला टेस्ट लॅम्प म्हणतात. आज दुपारी प्रत्येकानं एक बनवून घरी न्यायचा आहे.

चिमटा चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावा, टोक जिथं वीज यायला हवी तिथं लावा. बल्ब लागला म्हणजे वीज तिथवर आली. नाही लागला तर मागं चला. पुढं आहे आणि मागं नाही असं होत नाही. शेतात पाणी आलं नाही की आपण पाटाच्या कडेनं वर-वर जातो आणि फुटलेली जागा शोधतो. अगदी तेच करायचं. तिसऱ्या प्रकारच्या दोषात सेल्फवरच्या बारीक वायरीच्या टोकाला बल्ब लावा आणि सोबत्याला चावी फिरवायला सांगा. बल्ब लागतो आणि तरी सेल्फ गप्प, तर दोष सेल्फचा. बल्बच लागत नाही, तर दोष चावीकडच्या बाजूचा. सेल्फचे कारबन झिजले असतील तर लाकडी दांड्यानं त्याला हलके ठोके दिल्यावर तो एखाद वेळ फिरतो. ती घरी पोचण्यापुरती सोय समजा आणि दुसऱ्या दिवशी काम करून घ्या. हे सगळं करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला पाहिजे. गिअरमध्ये असलेली जीप सेल्फवर उडी मारते आणि समोरच्याला चिरडते.

मल्टिमीटर असेल तर उत्तम. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ वर आली म्हणजे उतरलेली. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर डायनामो चार्ज करत नाही.

पण मीटरची एक गंमत आहे. वायरीच्या आतल्या पंचवीस तारा तुटल्या आणि एक उरली, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. बल्बला मात्र लागते, म्हणून तो मंद होतो किंवा लागतच नाही. दाखवायला आहे, द्यायला नाही, अशी ती वायर. याकोबानं आपल्या पत्रात कृतीशिवायच्या विश्वासाबद्दल जे लिहिलं आहे, ते मला या वायरीवरून नेहमी आठवतं. भार टाकल्याशिवाय सांध्याची परीक्षा होत नाही.

एक इशारा. नव्या गाड्यांत संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्या आणि सेन्सरच्या बारीक वायरींना हा बल्ब लावू नका. बल्ब वीज ओढतो, त्यानं आतला भाग जळू शकतो. तिथं मीटरच वापरावा, नाहीतर जाणकाराकडे जावं.

सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही

आपल्या बहुतेक जीप डिझेलच्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा पेटतो. म्हणून डिझेलच्या जीपमध्ये कुणी ‘प्लगला करंट येत नाही’ म्हणालं, तर तो हीटर प्लगबद्दल बोलतोय. पहाटेच्या गारठ्यात आतली जागा आधी गरम करायला हे प्लग असतात. डॅशबोर्डवरची गुंडाळीसारखी पिवळी खूण विझेपर्यंत थांबा आणि मगच सेल्फ मारा. खूण लागतच नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. प्लग तपासायचे तर त्यांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगला. बल्ब लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर जळालेला.

दुसरी गोष्ट म्हणजे डिझेल बंद करणारा सोलेनॉइड. काही जुन्या गाड्यांत ओढून इंजिन बंद करायची स्टॉप केबल असते. ती अर्धवट ओढलेली राहिली तरी गाडी धरत नाही, हे आधी बघा. बाकी अनेक गाड्यांत पंपावर विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की तिथं बारीक ‘टक’ ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर वायर सुटलीय किंवा फ्यूज गेलाय. अशा गाडीची बॅटरी ठार झाली असेल, तर धक्का मारून काही होत नाही, कारण डिझेलचं दारच उघडत नाही. दहा माणसं चिखलात ढकलत राहतात आणि गाडी चालू होत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. थोडी वीज असेल तर चावी ऑन ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट होते. पण घाटाच्या उतारावर बंद गाडी सोडू नका. इंजिन बंद असताना ब्रेकचा जोर कमी पडतो.

पेट्रोल गाड्यांत ठिणगी लागते. जुन्या पेट्रोल जीप आता थोड्या राहिल्या, पण ताईंच्या स्कूटी आणि दादांच्या मोटरसायकली पेट्रोलवरच आहेत. कॉईल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. जुन्या जीपमध्ये कॉईलच्या जोडीला डिस्ट्रिब्युटर, पॉइंट आणि कंडेन्सर असतात. ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याची. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हँडलऐवजी विजेचा सेल्फ आला, तोही त्याच्याच कामातून. वयस्क मंडळींना जीपला पुढून हँडल मारलेलं आठवत असेल. हँडल उलटलं की मनगट मोडायचं. आज आपण चावी फिरवतो तेव्हा त्या मनगटांची आठवण ठेवावी.

पावसात पेट्रोल जीप बंद पडली तर आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसा. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर टोपीला तडा आहे आणि वीज तिथून पळतेय. ती बदलावीच लागते. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरनं साफ करा. ठिणगी बघायची असेल तर प्लग काढून वायरीला लावा, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा आणि वायर कोरड्या रबरी पकडीच्या प्लासनं धरा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळी-पांढरी आणि कडक हवी.

रात्र, पाऊस आणि लाऊडस्पीकर

सकाळी गाडी उठत नाही, त्याचं कारण पुष्कळदा आदल्या रात्री असतं. सभेला आपण लाऊडस्पीकरचा अँप्लिफायर जीपच्या बॅटरीवर लावतो. धरा, तो दहा अँपिअर घेतो आणि कार्यक्रम तीन तास चालतो. ऐंशी अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तीस गेले. बॅटरी जुनी असेल तर तिच्यात मुळात ऐंशी नसतातच. गाणी संपतात, प्रार्थना होते, आणि नंतर सेल्फ टक-टक करतो. अशा कार्यक्रमासाठी वेगळी बॅटरी न्या. तसं जमत नसेल, तर जीप उतारावर तोंड करून लावण्यावर विसंबू नका. मध्ये-मध्ये इंजिन चालवा.

रात्रीच्या पावसात हेडलाइट, वायपर आणि काच साफ करणारा पंखा एकदम चालू असतात. पोखरीच्या घाटात धुक्यात गाडी हळूहळू चालते, तेव्हा इंजिन कमी फिरतं आणि डायनामो कमी भरतो. त्यात फॅन बेल्ट सैल किंवा ओला असेल तर तो घसरतो. किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि बॅटरीची लाल खूण लुकलुकते. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर आवळून घ्या. ‘डायनामो बघू’ म्हणून चालत्या इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी खोड सोडून द्या. त्यानं डायनामोतले डायोड जळतात.

ओढ्याचं पाणी चढलेलं असेल तर गाडी घालूच नका, हे पहिलं. गाडी पाण्यात बंद पडली आणि हवेच्या फिल्टरपर्यंत पाणी गेलंय असं वाटलं, तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, आणि आतला रॉड वाकतो. माणसं उतरवा आणि गाडी ओढून बाहेर काढा.

उंदीर हा आपला दुसरा शत्रू. भाताच्या कणगीशेजारी किंवा पेंढ्याजवळ जीप उभी राहिली की ते गरम इंजिनावर घर करतात आणि वायरी कुरतडतात. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून बघा. कुरतडलेली तार नुसती पिळून टेप मारू नका. नीट जोडा, वर आवरण घाला, आणि ती लोखंडाला घासणार नाही अशी बांधा.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. सिगारेटची चांदी, तारेचा तुकडा, खिळा यातलं काहीही चालणार नाही. फ्यूज वायरीचा राखणदार आहे. तो मरतो म्हणून गाडी वाचते. त्याच्या जागी खिळा लावला तर पुढच्या वेळी वायर पेटेल, आणि मागच्या बाकावर उठूही न शकणारा रुग्ण असेल. नवा लावलेला फ्यूज पुन्हा लगेच उडाला, तर कुठंतरी वायर लोखंडाला टेकलेली आहे. ती शोधेपर्यंत तिसरा लावू नका.

हात शाबूत राहावेत म्हणून

बॅटरी काढताना आधी मायनस काढायचं, लावताना मायनस शेवटी लावायचं. म्हणजे पान्हा चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. भरणाऱ्या बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. तिच्याजवळ बिडी नाही, काडी नाही, उजेडासाठी चिमणीही नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. झाकणाची बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच घाला. विहिरीचं किंवा नळाचं नको. अंगावर अ‍ॅसिड उडालं तर भरपूर पाण्यानं धुवत राहा. डोळ्यात गेलं तर धुवून थेट दवाखाना.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची असेल तर आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस. शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट क्रमानं.

आता काय करायचं

प्रत्येक जीपमध्ये एक डबा राहील. त्यात टेस्ट लॅम्प, जंपर केबल, प्रत्येक मापाचे दोन-दोन फ्यूज, इन्सुलेशन टेप, दोन मीटर जाड वायर, दहा-बाराचा पान्हा, प्लास, पॉलिश पेपर, व्हॅसलीनची डबी आणि विजेरी. डब्यातली वस्तू वापरली तर त्याच आठवड्यात परत भरायची.

दर शनिवारी दहा मिनिटं : टर्मिनल हातानं हलवून बघायचं, अर्थचे बोल्ट बघायचे, बेल्ट दाबायचा, बॅटरीचं पाणी बघायचं, सगळे लाइट लावून बघायचे. वहीत तारीख आणि सही. वही मी बघणार आहे, पण कुणाला बोलायला नव्हे. एखाद्या जीपचा तोच फ्यूज महिन्यात तीनदा गेला, हे वहीतूनच कळतं.

आणि ताई, वही भरली नाही तर चालकाला विचारायचा अधिकार तुमचा आहे. वाडीतून तुमचा फोन येतो, तेव्हा तुमच्यासमोर कळा देणारी बाई असते. गाडी तयार आहे का, हे तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

दहा कुमारिकांच्या दाखल्यात पाच जणींनी तेल आधीच भरून घेतलं होतं. बाकीच्या पाच वाईट नव्हत्या, फक्त ऐन वेळी तेल आणायला धावल्या. रात्री दोन वाजता तळेघरला ऑटो इलेक्ट्रिशियन मिळत नाही. शनिवारची दहा मिनिटं मिळतात.

बाहेर दोन जीप उभ्या आहेत. दोन्हींत मी सकाळी एकेक दोष मुद्दाम करून ठेवला आहे. चौघा-चौघांचे गट करा, टेस्ट लॅम्प घ्या आणि शोधा. अंदाजानं सांगितलेलं उत्तर धरणार नाही, बल्ब लावून दाखवायचं. पहिली पाळी मागच्या बाकावरून पुढं आलेल्या पोरांची. दोष सापडल्यावर चहा. प्रभू तुमच्या हातांना आणि तुमच्या वाटांना सांभाळो.